शालनमावशीची गाडी आणि तीन शहाणे

गोव्याला लोक समुद्र बघायला जातात, काजू आणायला जातात आणि घरी सांगत नाहीत अशाही काही कामांना जातात. मी ऐन मे महिन्यात, अंगाचं पाणी पाणी होत असताना, एका मोटारीच्या दाराची कडी बघायला गेलो. दोष नंदूचा.

नंदू कोल्हापुरातला माझा शेजारी. त्याच्याकडे एक जुनी विलायती मोटार आहे, जी तो चालवत नाही. तिच्यावर सुती चादर, चादरीवर ताडपत्री. दर रविवारी तो ही वस्त्रं उतरवतो, मलमलच्या फडक्याने गाडी पुसतो आणि परत वस्त्रं चढवतो. या सोवळ्याला तो आणि त्याच्या क्लबातली मंडळी ‘गाडी जतन करणं’ म्हणतात. त्यांच्या मेळाव्याला मी एकदा गेलो होतो. पन्नाशी उलटलेले सुखवस्तू पुरुष गुडघे टेकून दुसऱ्याच्या गाडीखाली बघतात आणि एखादा स्क्रू मूळचा नाही असं दिसलं, की मुलगा पहिला आल्यासारखे प्रसन्न होऊन उठतात.

नंदूच्या बायकोची मावशी पेडण्याला असते. शालनमावशी, निवृत्त शिक्षिका. तिच्याकडे पोर्तुगीज राजवटीत बोटीने उतरलेली एक जर्मन मोटार आहे. सासऱ्यांनी ती टॅक्सी म्हणून पिदडली, मग नवऱ्याने, म्हणजे वसंतकाकांनी, ती जन्मभर चालती ठेवली. काका गेले. आता गाडीत अर्धा वाटा असलेला दीर, भालूभाई, ती येत्या सोमवारी रंगाऱ्याकडे नेणार होता. मोत्यासारखी पांढरी करून मोरजीच्या किनाऱ्यावरच्या लग्नांना भाड्याने द्यायला. मावशीने फोन केला, तू गाड्यांतला जाणकार, येऊन भालूला सांग, गाडी आहे तशी राहू दे. ‘आहे तशी’ हे शब्द नंदूपर्यंत पोचले नाहीत. तो ‘गाडी’ या शब्दावरच थांबला होता. शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: कोल्हापूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग, डिचोली. पहाटे निघालात तर जेवायला डिचोलीत. आंबोलीचा धबधबा मे महिन्यात नसतो, पण लोक असतात. ते कोरड्या दगडापुढे उभे राहून फोटो काढतात आणि खाली मक्याची कणसं खातात. दोडामार्गच्या पुढे रस्ता अरुंद पण देखणा आहे, दोन्ही बाजूंनी काजू. हद्द ओलांडल्याचं कळायला पाटी वाचावी लागत नाही, दुकानांतल्या बाटल्यांवरून कळतं. वाटेत हुराक मिळतो, काजूची पहिल्या धारेची दारू, याच दिवसांत मिळणारी. गाडी चालवणाऱ्याने तिच्याकडे बघू नये. नंदूने बघितलं नाही, कारण तो रंगाच्या थराची जाडी मोजायच्या नव्या यंत्राचं माहितीपत्रक मला वाचून दाखवत होता. गाडी मी चालवत होतो.

डिचोलीत बसस्टँडजवळ जेवलो. उकडा भात, माशाचं हुमण, तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, सोलकढी, दोघांचे मिळून पाचशेच्या आत. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं की पुढच्या वर्षी तिथे एवोकॅडो मिळेल.

भालूभाईंचं आवार डिचोलीहून मयेच्या वाटेवर आहे. एकेकाळी त्यांचे टिप्पर खाणीतला माल ओढायचे. खाणी बंद पडल्या आणि टिप्पर होते तिथेच उभे राहिले. आता त्यांच्या केबिनींतून वेली बाहेर आल्या आहेत आणि झाडांपासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांवर लाल मातीचं एक पुट आहे. भालूभाई साठीचे, गोल, हसरे, मनगटात सोन्याची साखळी. वाईट माणूस म्हणावा असं त्यांच्यात काही नाही. धंदा बुडालेल्या माणसाने दुसरा धंदा शोधला, एवढंच. पण तो शोधताना त्यांनी काय केलं, ते शेडमध्ये होतं.

शेडमध्ये दुसरीच एक म्हातारी मोटार उभी होती, किंवा तिचं कातडं. वर मोत्याचा रंग, आत जीपचं डिझेल इंजिन. पोटाखाली निळे दिवे, डिकीत हाताएवढ्या भोकांचे स्पीकर, सीटवर पांढरं रेक्झीन आणि रेक्झीनवरचं प्लास्टिक अजून तसंच. भालूभाईंनी दिवे लावून दाखवले. भर दुपारी निळा उजेड पडला. नंदूचा चेहरा ओळख पटवायला बोलावलेल्या नातेवाइकासारखा झाला होता.

“आता हिच्यात ओरिजिनल काय उरलंय, भालूभाई?” त्याने विचारलं.

भालूभाई मनापासून हसले. “आरे बाबा, न्हवरो तरी ओरिजिनल आसता काय? त्याकाय पावडर लावतात.”

आणि त्यांनी दिवे विझवले.

मुक्काम मये तळ्याजवळ केला. खोली दोन हजारांच्या आत, पंखा आवाज करतो, तळं सकाळी सुंदर. पायडलच्या होड्या आहेत, त्यांत नवविवाहित जोडपी पाय मारतात आणि एकमेकांना दोष देत गोल गोल फिरतात. शांतता हवी असेल तर साडेआठच्या आत बघून घ्या.

शनिवारी अस्नोडा, कोलवाळचा पूल, धारगळ असं करत पेडण्याला गेलो. विमानतळ झाल्यापासून या तालुक्यातलं भात कमी होऊन फलक वाढले आहेत. प्रत्येक फलकावर एक निळा तलाव आणि तलावात पाय सोडून बसलेली एक बाई, आणि खाली लिहिलेलं, की गोव्याचा अस्सल गाव अनुभवा. अस्सल गाव फलकाच्या मागे होता. त्याला बसची वाट बघायला जागा उरली नव्हती.

शालनमावशी सोप्यावर वाटच बघत होती. सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी, आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. आमच्याशी ती शाळेतलं मराठी बोलायची, दिराशी आणि रागावल्यावर घरचं. पाववाल्या पोदेराकडून सकाळी घेतलेले गोल उंडे आणि चवळीची भाजी तिने पुढे ठेवली. नंदूने अर्धा पाव हातात घेऊनच अंगण गाठलं.

माडाच्या झावळ्यांच्या मांडवात गाडी होती. काळी, गोल कपाळाची, पुढून बघितली तर जेवून सुस्तावलेल्या भटासारखी. डावा मडगार्ड घराच्या खिडक्यांना लावायच्या तैलरंगाने रंगवलेला. काकांनी तो ब्रशने लावला होता, ब्रशचे केस अजून त्यात अडकलेले दिसत होते. मागच्या दाराला स्वयंपाकघरातल्या फडताळाची पितळी कडी. सीटमध्ये स्प्रिंगांच्या जागी काथ्या. आरसा सावंतवाडीच्या एका सलूनमधला.

नंदूने यंत्र काढलं. तासभर तो गाडीला ते लावत फिरत होता, वैद्य नाडी बघतो तसा, फक्त वैद्य मधूनमधून रोग्याला शिव्या देत नाही. इथे चार थर आहेत. हे पाप आहे. ही कडी म्हणजे गुन्हा आहे. शेवटी छताच्या आतल्या बाजूला, गादीच्या कापडाखाली, त्याला तळहाताएवढा मूळचा रंग सापडला आणि त्याचे डोळे पाणावले. मी थट्टा करत नाही, खरंच पाणावले.

मग त्याने योजना मांडली. गाडी ट्रकवर घालून कोल्हापूरला न्यायची, पत्र्यापर्यंत खरवडायची, कडी, काथ्या, आरसा काढून टाकायचा, मूळचे भाग परदेशातून मागवायचे, कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी करायची. दोन वर्षं, फार तर तीन.

मावशी ऐकत होती. भालूला थोपवायला तिने ज्याला बोलावलं होतं तो भालूच्याही पुढचा निघाला होता. भालू निदान वरून रंग मारणार होता. हा सोलणार होता.

“तुका गाडी चलवूक व्हयी, काय पूजूक?” तिने विचारलं.

नंदू म्हणाला, मावशी, प्रश्न वारशाचा आहे. मावशी म्हणाली, प्रश्न पुरुमेताचा आहे.

पुरुमेत म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात इथली घरं खारे बांगडे, सुकी सुंगटं, मिरची, कांदे, आमसुलं भरून ठेवतात, कारण पुढे समुद्र बंद आणि बाजार महाग. मावशी एकटी राहते, पण पुरुमेत ती स्वतःचं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं आणि आपल्या विहिणीचंही करते. बसवाले खाऱ्या मासळीच्या टोपल्या चढवू देत नाहीत. रिक्षावाला आधी नाक दाबतो आणि मग भाडं सांगतो. काका असताना दर वर्षी हे सगळं याच गाडीतून यायचं, काका गेल्यावर मावशी स्वतः आणायला लागली. मोठा बाजार पुढच्या आठवड्यात होता. सोमवारी गाडी रंगाऱ्याकडे गेली तर कधी येणार? भालू सांगतो एक महिना. गॅरेजवाल्याचा महिना गणपतीला संपतो, हे मावशीला मुलांना महिने शिकवायच्या आधीपासून माहीत होतं.

संध्याकाळी ती आम्हाला गाडीतून फिरवून आली. वाचकांची फसवणूक नको म्हणून सांगतो, गाडी वाईट आहे. ब्रेक दोनदा दाबावा लागतो, दुसरा गियर पडताना कोणीतरी लोखंडी खाट ओढल्यासारखा आवाज येतो, आणि काथ्या टोचतो. मावशीही गाडीइतकीच हट्टी आहे, वळणावर हॉर्न देते आणि मग वळणाने बाजूला व्हावं अशी तिची अपेक्षा असते. धारगळच्या चढावर एका विमानतळाच्या टॅक्सीने आम्हाला ओलांडलं आणि तिच्यातल्या पाहुण्यांनी आमचा व्हिडिओ काढला. मावशी समोर बघत होती. गाडी चढली.

रविवारी भालूभाई आले. वाद सोप्यावर सुरू झाला आणि तासाभरात तिथेच परत आला. तेव्हा त्यांनी या भागातला शेवटचा उपाय काढला: देवीला कौल लावू. विहिरीची जागा, मुलीचं स्थळ, वाटणीतला माड, इथे सगळं देवीला विचारून होतं. मावशी म्हणाली, लाव. पण विचारायचं ते तू विचार, माझा काही प्रश्न नाही.

देवळात गुरवाने देवीच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं, आई माउली, ही तुझी लेकरां दारात आयली आसत, गाडयेक सफेद रंग मारूचो काय नाय, तो निवाडो कर. आम्ही सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणालो, नंदूसुद्धा, हातातलं यंत्र पाठीमागे लपवून.

डावी पाकळी पडली.

भालूभाईंनी वर बघितलं. पंख्याचा वारा लागला, ते म्हणाले. पंखा बंद केला. मे महिन्यात बंद देवळात पंखा बंद करणं ही भक्तीची एक वरची पायरी आहे. पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा डावी. मग भालूभाई हळूच म्हणाले, सफेद नको तर मग क्रीम विचारूया का.

“भालू,” गुरव म्हणाला, “देवीकडे रंगांचा कार्ड नाय.”

आता नंदूला चेव आला. त्याने आपला प्रश्न मांडला. त्यात कारखान्याचं मूळ धोरण होतं, रंगाचं रसायन होतं, गंजाचे प्रकार होते. गुरवाने शांतपणे ऐकून देवीला तीन शब्द सांगितले: खरवडू काय नको. पाकळ्या हलल्या नाहीत. आम्ही उभे होतो, घाम नाकाच्या शेंड्यावरून पडत होता. शेवटी दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. गुरव म्हणाला, हा प्रश्न देवीला पटला नाही. नंदूने यंत्र पिशवीत घातलं. क्लबात त्याला असं कोणी कधी म्हणालं नव्हतं.

माझ्या मते इथेच निघायला हवं होतं. पण भालूभाई व्यापारी माणूस. जाता जाता त्यांनी आणखी एक प्रश्न टाकला: गाडी आहे तशीच, पण लग्नांना देऊ का?

गुरवाचं गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी पाकळी पडली.

मावशीचा चेहरा मी पाहिला. खडू संपल्यावर शिक्षकांचा होतो तसा. देवीने रंग नाकारला आणि गाडी भालूला दिली. कौल मोडायचा प्रश्न नव्हता, तो इथे कोणी मोडत नाही. गुरवाने तिला विचारलं, शालनबाय, तुका काय विचारूचा हा?

“आपल्याक कळना नाय ता देवीक विचारूचा,” मावशी म्हणाली. “माका कळता.” आणि चप्पल घालायला गेली.

दुपारी तिसरी शहाणी आली. गुडगावची लग्न जुळवणारी, म्हणजे स्थळं नव्हे, तंबू, फुलं आणि घोडे जुळवणारी. भालूभाईंनी तिला पुढच्या मोसमासाठी पांढरी गाडी द्यायचं कबूल केलं होतं. आता काळी दाखवताना ते आधीच माफी मागू लागले. तिने ती बघितली आणि तोंडावर हात ठेवला. ब्रशचे केस तिने बोटाने चाचपले. फडताळाच्या कडीचे तिने सात-आठ कोनांतून फोटो काढले. सलूनच्या आरशात स्वतःचा एक. इतकं अस्सल तिला राजस्थानातही मिळालं नव्हतं म्हणे. पांढरी गाडी? पांढऱ्या गाड्या तर सगळ्यांकडेच असतात. हीच हवी, अशीच, धुवायची नाही, पुसायची नाही, उलट तिचा कलादिग्दर्शक येऊन थोडा गंज वाढवेल. उजवा मडगार्ड फार नीट दिसतोय, तिथेही ब्रश मारता येईल का?

भालूभाईंनी त्या क्षणी धर्म बदलला. आतापर्यंत रंग मारायला निघालेला माणूस नंदूला दटावू लागला, गाडीला हात लावू नको, धूळ निघेल. वसंतकाकांनी पैसे नव्हते म्हणून फडताळाची कडी लावली. आता तीच कडी दाखवून भाडं वाढणार होतं. जतन करण्याबद्दल नंदूच्या क्लबात इतकी वर्षं जी भाषणं झाली, त्यांतलं एकही या बाईच्या तोंडावरच्या हाताइतकं उपयोगी पडलं नाही. गाडी वाचली, आणि अत्यंत फालतू कारणाने वाचली.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. गंजाला तिने साफ नाही म्हटलं. मग लग्न कोणत्या दिवशी आहे ते विचारलं. बाईने सांगितलं, पुढच्याच आठवड्यात. मावशी म्हणाली, देवीने दिली म्हणजे दिली, गाडी येईल. पण चालवणार मी, दुसरा कोणी स्टिअरिंगला हात लावणार नाही. यावर ती बाई आणखीच हरखली. चष्मा घातलेली, सुती साडीतली आजी नवऱ्याला घेऊन येणार. याचे तर वेगळे पैसे लावता येतील.

परतताना नंदूच्या आग्रहाने मोरजीला गेलो. वाळूत फलक आहे की इथे कासवं अंडी घालतात, आवाज करू नये, आणि फलकाला टेकून कोणीतरी स्पीकर ठेवला होता. चहा दीडशे रुपये. समुद्र फुकट आहे, पण त्याच्याकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्च्या फुकट नाहीत. सोमवारी आंबोलीमार्गे घरी.

घरी आल्यावर लोक विचारतात, कसा झाला गोवा. मी सांगतो, किसमूर चांगली होती. त्यापलीकडे काय राहिलं ते मोजायला बसलो, तर काही फार उदात्त हाती लागत नाही. मला अजूनही जुन्या गाड्यांचं काही वाटत नाही. मात्र त्या गाडीचं काय करावं हे ठरवणारे जे तिघे शहाणे मी पाहिले, त्यांतल्या एकालाही ती गाडी घेऊन कुठे जायचं नव्हतं. जायचं फक्त मावशीला होतं, आणि तेही बाजारापर्यंत.

पुढच्या आठवड्यात तिने नंदूच्या बायकोला एक फोटो पाठवला. लग्नाच्या मांडवाच्या दारात काळी गाडी. स्टिअरिंगवर मावशी, नजर समोर. मागे मोतिया शेरवानीतला नवरा, फेट्याचं टोक नाकाला लावून बसलेला. त्याच्या एका बाजूला खाऱ्या बांगड्यांच्या टोपल्या छतापर्यंत, पायाशी सुंगटांचं पोतं, मांडीवर, दुसरी जागाच नसल्यामुळे, मिरच्यांची पिशवी. मोठ्या बाजाराचा दिवस होता. मावशी बाजार उरकून तशीच वरातीला गेली होती. नंदूने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, वायपर मूळचे आहेत रे.

भालूभाईंचा फोन मात्र रडवेला होता. वऱ्हाडी भांडले, ती बाई रडली, कलादिग्दर्शकाला उलटी झाली. वहिनीला समजाव, ते नंदूला म्हणत होते, देवीने काय सांगितलं होतं आणि हिने काय केलं. नंदूने भीत भीत मावशीला फोन लावला आणि निरोप सांगितला. फोन स्पीकरवर होता. मागे टोपल्या सरकवल्याचा आवाज येत होता.

“देवीन गाडी लग्नाक दी म्हणान सांगल्यान,” मावशी म्हणाली. “वाटेत बाजार करू नको, असा खंय सांगल्यान?”